पदर खोव, बाय

फुंकरचाचा आधी मुलाकडे पाहत नसत. पोहायला शिकवा म्हणून एखादी आई मूल घेऊन आली, की ते तिच्या पदराची दखल घेत. टक लावून नव्हे; नजर विहिरीच्या पाण्यावरच असे, पण पदर कुठे आहे हे त्यांना कळलेले असे. तो खांद्यावरून मोकळा सुटलेला असला, की पाण्याकडे पाहतच ते म्हणत, "पदर खोव, बाय." अंगात सलवार-कमीज असली तर, "ओढणी बांध." आणि सोबत वडील आले असले तर, "रुमाल खिशात ठेव." एवढे झाल्याशिवाय पुढचे बोलणे होत नसे. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा मर्यादेच्या बाबतीत फार कडक आहे. मलाही तसेच वाटले होते. त्या तीन शब्दांचा खरा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

तरुणपणी ते काल्हेरच्या खाडीत रेतीच्या होडीवर कामाला होते. बादली घेऊन बुडी मारायची, तळाची रेती भरायची, दोर हलवून बादली वर पाठवायची. या कामाला तिकडे डुबी म्हणतात. वर्षानुवर्षांच्या डुबीने त्यांचा उजवा कान पार निकामी झाला आणि छातीत एक घरघर कायमची येऊन बसली. मग होडी सोडून ते भिवंडीच्या कडेला, नात्यातल्या एकाच्या चिकूच्या वाडीत राखणीला राहिले. त्या वाडीत पायऱ्यांची मोठी विहीर होती. चाचा तिला बाव म्हणत. शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असत. आठवडाभर भिंतींतून आणि जमिनीतून येणारी खडखड थांबली, की आमच्यासारख्यांना आधी चुकल्याचुकल्यासारखे होई. त्या शांततेत, सकाळी सातपासून चाचांची जुम्म्याच्या नमाजाला जायची वेळ होईपर्यंत, आईबाप आपापली लहान मुले घेऊन वाडीत जमत. चाचांना मास्तर म्हटलेले आवडत नसे. ते मुलांना आणि त्यांच्या आईबापांनाही सगळ्यात आधी फुंकर घालायला शिकवीत, म्हणून फुंकरचाचा हेच नाव पडले होते.

माझे त्यांच्याकडे जाणे हौसेचे नव्हते. मी नऊ वर्षांची असताना माझा मोठा भाऊ कशेळीच्या खाडीत बुडाला. दादा सतरा वर्षांचा होता. आमच्या लोकांना तेव्हा गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नसे, त्यामुळे पोहणे आमच्या घरात बापाकडून मुलाकडे कधी आलेच नाही. दादा खाडीच्या काठाने आपले आपणच शिकू पाहत होता. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी कुणा डुबीवाल्यांनी त्याला वर काढले. मला बघायला नेले नाही. आई परत आली आणि ओट्यावर बसून एवढेच म्हणाली, "तोंड साफ होतं लेकराचं." त्यानंतर आमच्या घरात खाडीचे नाव कुणी काढले नाही. पुढे मी शिकले, शाळेत भूगोल शिकवू लागले, नद्या आणि उपसागर फळ्यावर बिनचूक काढू लागले. पण आंघोळ करताना डोक्यावरून तांब्या ओतून घेणे मला कधी जमले नाही.

सुमेध झाला, तेव्हा मी त्याचे केस ओल्या फडक्याने पुसून काढीत असे. तो साडेतीन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर पाण्याचा ओघळ आलेला नव्हता, आणि चुकून आलाच तर तो श्वास कोंडून किंचाळे. त्याच्या बालवाडीची वाट तलावाच्या काठाने जाई. त्या भागात कठडा नव्हता. सुमेधचे वडील एसटीच्या डेपोत कामाला. ते एकदा जेवताना शांतपणे म्हणाले, "तुझ्या भीतीला माझी ना नाही. पण ती त्याला कशाला द्यायची?" पुढच्या शुक्रवारी आम्ही वाडीत गेलो. वाटेत मी त्यांना हळूच विचारले, "आपल्याला उतरू देतील का विहिरीत?" ते सुमेधचा हात धरून पुढे चालू लागले.

चाचा विहिरीच्या वरच्या पायरीवर बसले होते. डोक्याला गमछा, अंगात बंडी, लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, तर त्यांनी हाताने खूण करून मला डावीकडे बोलावले. "त्या बाजूचा कान खाडीत ऱ्हायला. इकडं ये. आणि पदर खोव, बाय."

मी पदर खोचला.

"चाचा, किती दिवसांत शिकेल?" सुमेधच्या वडिलांनी विचारले.

"कोन?"

"मुलगा."

"पोराचं मागाहून बघू. तुमी दोघं किती दिवसांत शिकाल ते सांगा."

"मी पाण्यात उतरणार नाही," मी म्हणाले.

"उतर असं कोन बोललं? घरी टोप हाय?"

"आहे."

"भात करतेस त्याच्यात?"

"हो."

"मग त्याच्यातच पानी भर आन् तोंड घाल. पोर बघत न्हाय तवा. जमलं का मग पोर बघतं तवा. त्याच्या मागाहून पोर."

सुमेधचे वडील हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी सुमेधला तर त्या दिवशी हातही लावला नाही. फक्त जाताना त्याच्या समोर तळहात धरला आणि त्यावर फुंकर मारायला सांगितली. सुमेधने मारली. "झालं," चाचा म्हणाले, "ह्याला येतं. आता तुमचं."

त्यांचा घरचा अभ्यास साधा होता, आणि म्हणूनच कठीण होता. रोज मुलाला तांब्याने पाणी ओतायचे. आधी खांद्यावर, मग डोक्यावर मागच्या बाजूने आणि बऱ्याच दिवसांनी कपाळावरून. ओतण्याआधी मुलाला सांगायचे. "चोरून वतलेलं पानी पोर जनमभर विसरत न्हाय," असे ते म्हणत. आणि ओतल्यावर तोंड पुसायचे नाही. इथेच आम्हा सगळ्या बायकांची परीक्षा होती. मुलाच्या चेहऱ्यावर पाणी आले, की आईचा हात पदराकडे जातो. त्याला विचार लागत नाही. चाचांचे म्हणणे असे, की मूल पाण्याला घाबरत नाही, ते त्या पदराला घाबरते. "तू धावत येऊन पुसतेस. पोराला वाटतं काय तरी वाईट झालंय आपल्याला. पानी हाय ते. सुकतं आपोआप."

'भिऊ नको' म्हणायलाही त्यांची बंदी होती. एकदा एका आईने पायरीवर बसवलेल्या मुलीला ते म्हटले, तर चाचांनी मुलीला तिथल्या तिथे उचलून आईच्या मांडीवर नेऊन ठेवले. "भ्यायचं काय हाय तेच तिला ठावं नव्हतं. आता तुमी सांगितलंत. न्या घरी, आठ दिस." त्याऐवजी फक्त 'फुंकर मार' म्हणायचे. बशीतला चहा थंड करतो तशी टोपातल्या पाण्यावर फुंकर घालायची. मग ओठ टेकवून. मग ओठ बुडवून. आमच्या मोरीत रोज संध्याकाळी सुमेध आणि त्याचे वडील टोपाभोवती पालथे पडलेले असत. एकदा सुमेधने ओल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात येऊन मला बातमी दिली, "आई, टोप थंड झाला!" माझा हात पदराकडे गेला होता. मी तो ओट्यावर टेकवून धरला.

वाडीत सगळेच आमच्यासारखे भीतीपोटी आलेले नव्हते. एक लूमवाले शेठ स्कूटरवरून आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले आणि आल्याआल्या म्हणाले, "चाचा, फेंक दो अंदर. मेरे बाप ने मुझे ऐसे ही फेंका था. दो मिनट में सीख गया मैं."

"सीख गया?"

"एकदम."

"उसके बाद बाप का हाथ पकड़ा कभी, पानी में?"

चाचांनी पाण्याने भरलेले घमेले शेठपुढे सरकवले. "डालो मुँह. बच्चा देख रहा है." शेठनी घातले आणि नाकातोंडात पाणी जाऊन, दाढी निथळत, ठसकत वर आले. हात खिशाकडे गेला, तसे चाचा शांतपणे म्हणाले, "रुमाल खीसे में ही रखो." बायका तोंड फिरवून हसल्या, मुलगा तर टाळ्या वाजवू लागला. त्यानंतर तो माणूस कितीतरी शुक्रवार न चुकता येत राहिला, आणि पायरीवर मुलाशेजारी बसून घमेल्यात फुंकरा मारीत राहिला. मला त्याचा हेवा वाटे.

कारण मी चाचांशी खोटे बोलत होते. दर शुक्रवारी ते विचारीत, "तोंड घातलंस?" आणि मी खाली पाहून म्हणे, "घातलं." प्रत्यक्षात माझी मजल हनुवटीपुढे गेलेली नव्हती. पाणी ओठांना लागले, की मला खाडीच्या चिखलाचा वास येई. टोप घासूनपुसून लख्ख असे, पाणी नळाचे असे. वास येई तो येईच. सुमेधच्या वडिलांनी माझ्या वाटचाही अभ्यास केला, आणि म्हणून सुमेध शिकला. चौथ्या महिन्यात चाचांच्या तळहातावर पालथा पडून तो फुंकरा मारीत होता, आणि त्याला कळलेही नाही की खालचा तळहात केव्हाच निघून गेला आहे. मी चिकूच्या झाडाला धरून उभी होते. चाचा पायऱ्या चढून माझ्याजवळ आले. छातीची घरघर ऐकू येत होती.

"पोरगा बापावर गेला, बाय. तुझ्यावर न्हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तोंड घातलेली बाई हसून सांगते. तू खाली बघून सांगतेस."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते. मी सुमेधचे कपडे गोळा केले.

त्याच उन्हाळ्यात एका शुक्रवारी वाडीत शिकवणी झाली नाही. तलावात कुणी बुडाले होते आणि लोक पहाटेच चाचांना घेऊन गेले होते. पोलिसांकडे, अग्निशमनवाल्यांकडे माणसे असत. पण तळाशी हात लावायचा तर अजूनही चाचांनाच बोलावीत. आम्ही पोहोचलो तेव्हा ते परत येऊन विहिरीपाशी बसले होते. त्यांचा गमछा समोर दगडावर वाळत होता. सुमेधचे वडील त्याला चिकू दाखवायला घेऊन गेले, आणि काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "चाचा, तोंड पुसण्याचा तुम्हाला एवढा राग का?"

त्यांनी दगडावरचा गमछा उलटून पसरला.

"खाडीतून मानूस वर आनला ना बाय, का पहिलं काम ते असतं. घरची मानसं काठावर उभी असतात. तोंडावर चिखल असतो, शेवाळ असतं. तसंच कसं दाखवायचं आईला? म्हनून मी पुसतो. कपाळ, डोळ्यांचे कोपरे, कानामागं, हनुवटी. लय पुसली." त्यांनी हात लुंगीवर घासले. "म्हनून जित्या पोराचं तोंड कोन पुसायला लागलं ना, का मला बघवत न्हाय."

मला आईचे ओट्यावरचे वाक्य आठवले. तोंड साफ होतं लेकराचं. मी म्हणाले, "चाचा, तुम्ही कशेळीलाही…"

"व्हतो ना. समद्या खाडीला व्हतो. का?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी असे का केले, याचे कारण मी अनेकदा शोधले आहे. उत्तर 'हो' आले असते तर त्यांच्या हातांकडे मला पुन्हा पाहता आले नसते, आणि 'नाही' आले असते तर आईच्या त्या वाक्याला काही आधार उरला नसता, असे काहीसे ते असावे. किंवा नेहमीप्रमाणे मला नुसते विचारवले नसावे.

उज्ज्वला सुमेधपेक्षा सात वर्षांनी लहान. ती चार वर्षांची होते न होते, तोच तिच्या वडिलांची शहापूरच्या डेपोत बदली झाली. ते रविवारी तेवढे घरी येत. मी मुलीला घेऊन वाडीत गेले, तेव्हा चाचा पूर्वीपेक्षा वाळलेले दिसत होते, पण नजर तीच होती. मी आधीच पदर खोचला होता. ते ओळखून हसले.

"टोपवाला न्हाय आला?"

"त्यांची बदली झाली."

"मग आता तूच. दुसरं कोन न्हाय."

"हो."

"आन् ह्या टायमाला खरं."

मी हो म्हटले आणि घरी आले. उज्ज्वलासाठी टोप काढला, पुन्हा मांडणीवर ठेवला. त्या शुक्रवारी पेपर तपासायचे होते. पुढच्याला तिला सर्दी होती. मग दिराचे लग्न निघाले, मग परीक्षा आल्या, मग दिवाळी. एखाददुसऱ्या शुक्रवारी मी वाडीत जाई आणि या वेळी मात्र खरे सांगे, "नाही घातलं." चाचा कधी टाकून बोलले नाहीत. "घाल सवडीनं," ते म्हणत. "बाव कुठं पळून जात न्हाय." असे वर्ष गेले. हे वर्ष माझे आहे. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकू शकत नाही.

त्या वर्षात वाडीच्या मागच्या भिंतीपलीकडे कापड रंगवण्याचा एक कारखाना उभा राहिला. भिंतीलगतची दोन चिकूची झाडे वाळली. चाचा पानांचा रंग बघत, मातीचा वास घेत.

शेवटी एका गुरुवारी दुपारी, सुमेध शाळेत आणि उज्ज्वला झोपलेली असताना, मी मोरीत बसले. भाताचाच टोप होता. मी पदर खोचला, डोळे मिटले आणि तोंड घातले. वास आला, मी फुंकर घातली. वास असूनही घातली. चेहरा आणखी खाली गेला, कानांच्या पाळ्या बुडाल्या, आणि शेजारच्या कारखान्यातली लूमची खडखड क्षणभर थांबली. पाण्याखाली शुक्रवार होता. मी वर आले तेव्हा दारात उज्ज्वला उभी होती, विस्कटलेल्या केसांची. "आई, काय करतेस?" तिने विचारले. "टोप थंड करते," मी म्हणाले. चेहऱ्यावरून पाणी गळत होते. मी ते पुसले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितले, तर त्यांनी मुद्दाम डावा कान पुढे केला. "काय? परत बोल."

"घातलं, चाचा."

"परत."

"घातलं!" मी जवळजवळ ओरडले, आणि हसले. विहिरीच्या भिंतींवरून तो शब्द परत आला. भोवतालच्या बायकांना त्यातले काही कळले नाही, पण चाचांनी गमछा सोडून पुन्हा डोक्याला बांधला. खूश झाले की ते तसे करीत.

नंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. उज्ज्वला भावापेक्षा धीट निघाली. कपाळावरून तांब्या ओतला की डोळे उघडे ठेवून हसे. मग चाचांनी तिला पायरीवर घेतले. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पाण्यात उतरवण्याआधी दर वेळी ते ओंजळ भरून नाकाशी नेत. कधी म्हणत, "आज नको." आम्ही मुकाट्याने परतत असू. मग एका शुक्रवारी त्यांनी वास घेतला, पाणी उन्हात धरून पाहिले आणि म्हणाले, "ठीक वाटतंय." उज्ज्वला तिसऱ्या पायरीवर छातीइतक्या पाण्यात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "फुंकर मार." तिने ओठ बुडवले, मग नाक, मग सगळा चेहरा, आणि भरपूर मोठी फुंकर मारली. बुडबुड्यांचा झुबका वर आला. तिने डोके वर काढले, आणि ती हसत होती.

पण बुडबुडे फुटले नाहीत. ते पाण्यावर तसेच राहिले, एकमेकांना चिकटून, कडांना जांभळट. चाचा त्यांच्याकडे एक क्षण पाहत राहिले. मग त्यांनी उज्ज्वलाला एका हाताने उचलून वरच्या पायरीवर आणले, डोक्याचा गमछा ओढून काढला आणि तिचे तोंड पुसायला सुरुवात केली. "थूक, बाय. थूक. अजून थूक." त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून गालांच्या आतूनही पुसले. उज्ज्वला आधी चकित झाली, मग किंचाळू लागली. मी पायऱ्या उतरून धावले. चाचांना माझी चाहूल लागली नाही. मी उजव्या बाजूने गेले होते. त्यांचा हात थांबत नव्हता. कपाळ, डोळ्यांचे कोपरे, कानामागे, हनुवटी. पुन्हा कपाळ. त्या हाताला क्रम पाठ होता. जिवंत माणसाचे तोंड कुणी तसे पुसत नाही.

"चाचा," मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "पुरे."

ते थांबले. गमछ्याकडे पाहिले, उज्ज्वलाकडे पाहिले. मग मुलीला माझ्या हातात दिले आणि जमलेल्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "घरी जा. आता न्हाय."

ती वाडीतली शेवटची शिकवणी. चाचा विहिरीचे पाणी बाटलीत भरून एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडले. एकदा मीही त्यांच्यासाठी अर्ज लिहून दिला; भाषा चांगली झाली होती, एवढेच. एका साहेबांनी म्हणे बाटली टेबलावरून खाली ठेवायला सांगितली. दीडएक वर्षात मालकाने वाडी विकली. विहिरीत आधी दगडमाती, मग लूमच्या चिंध्या आणि सुताच्या रिकाम्या कांड्या पडल्या, आणि वर गोदाम उभे राहिले. चाचा आणि चाची गावात एका चाळीच्या खोलीत आले. काही दिवस आईबाप तिथेही येत. चाचा त्यांना तांब्या, टोप, फुंकर सगळे सांगत. "मग पुढं?" असे कुणी विचारले, की ते म्हणत, "पुढं बाव लागते." हळूहळू येणारे थांबले.

उज्ज्वलाला त्यानंतर कपाळावरून पाणी ओतू देणे जमले नाही. मी सांगून ओतले, गाणी म्हणत ओतले, स्वतःच्या डोक्यावर ओतून दाखवले. तिला पाण्याचे काही वाटत नसे. पाण्यापाठोपाठ येणाऱ्या हाताची ती वाट पाहत असे. तेच एक वर्ष मी आधी तोंड घातले असते, तर पाणी स्वच्छ असतानाच ती शिकली असती. आज ती स्वतः आई आहे, आणि मुलाचे केस ओल्या फडक्याने पुसून काढते. सुमेध मात्र कुठेही, कसल्याही पाण्यात सहज उतरतो. एका घरातली दोन मुले, आणि मधे माझे एक वर्ष.

चाचा गेले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका शुक्रवारी सकाळी, लूम बंद असताना. त्याच्या आठच दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. छातीने साथ सोडली होती. चहावर फुंकर घालण्याइतकाही दम उरला नव्हता, चाची बशी हलवून चहा थंड करून देत. चाची आतून उशी आणायला उठल्या, तेव्हा मी खाटेशेजारी बसले. बसले ती उजव्या बाजूला. चुकून नव्हे. त्या कानाशी वाकून, इतक्या वर्षांत जे विचारले नव्हते ते मी हळूच विचारले. "चाचा, कशेळीच्या खाडीतून माझ्या दादाला तुम्हीच काढलं होतं का? त्याचं तोंड तुम्हीच पुसलं होतं का?"

माझे ओठ हललेले त्यांनी पाहिले असावेत. मान महत्प्रयासाने वळवून त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

"काय बोललीस, बाय?"

तो कान चांगला होता. मी उशाचा तांब्या जवळ ओढला.

"पाणी देऊ का, विचारलं," मी म्हणाले.

"दे."

मी तांब्यातून चमच्याने पाणी दिले. अर्धे आत गेले, अर्धे ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळले. माझा हात पदराकडे गेला. चाचांची नजर त्या हातावर होती. पण पदर जागेवर नव्हता. खोलीत शिरतानाच मी तो कमरेला खोचला होता, आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. हात रिकामाच मांडीवर परत आला. चाचांनी डोळे मिटले. हनुवटीवरचे पाणी सुकेपर्यंत मी तशीच बसून राहिले.